भट्टीचे डाग

मडकं तापलं की नाही हे मावशी हाताने बघायची. खाली लाकडं पेटलेली, वर उपडं घातलेलं काळं मडकं, आणि त्यावर ती आपला उजवा तळहात ठेवायची. टेकवून लगेच उचलायची नाही. आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा थोडा वेळ ठेवायची. मग म्हणायची, "अजून नाही." किंवा म्हणायची, "आण वं कणिक."

नवीन माणूस ते पाहून दचकायचा. "मावशी, हात भाजन न," असं कोणी ना कोणी म्हणायचंच. तिचं उत्तर ठरलेलं होतं. "डोळ्याले फसवता येते. हाताले समजते."

तुम्ही नागपूरचे असाल तर लांब रोटी तुम्हाला सांगायला नको. नसाल तर सांगते. कणिक इतकी सैल भिजवायची की ती परातीत बसत नाही, वाहते. मीठ घालून ती आपटत राहायची, आपटता आपटता तिला तार येते. मग तिचा गोळा या हातावरून त्या हातावर टाकत जायचा. तो लोंबतो, मनगटावरून खाली येतो, कोपरापर्यंत पसरतो. शेवटी दोन्ही हातांवर ओला पातळ रुमाल वाळत घातल्यासारखा दिसतो. तो तसाच मडक्यावर टाकायचा. बघता बघता रोटी होते. तिची घडी घालून सावजी रश्श्याबरोबर द्यायची.

हे काम बोटांचं नाही, पूर्ण हाताचं आहे. हे मुद्दाम सांगितलं, कारण पुढे जे झालं ते हातांवरूनच झालं.

मी उमरेडहून लग्न होऊन या मोहल्ल्यात आले. नवरा हिंगण्याला कंपनीत जातो. सकाळी कंपनीची बस येते, मग घर रिकामं होतं. मला शेजारी जाऊन बसायला, बोलायला जमत नाही. मावशीची भट्टी आमच्या गल्लीच्या तोंडाशी होती. तिला कणिक आपटायला आणि लाकूड सारायला बाई पाहिजे होती. मी जाऊन नुसती उभी राहिले. तिनेच विचारलं, "काम पाहिजे का?" मी मान हलवली.

"बोलत नाही का वं तू?"

"बोलतो. कमी बोलतो."

"बरं आहे. दोन बोलणाऱ्या बाया एका भट्टीवर बसल्या तं रोटी जळते."

म्हणजे बोलायचं तिने आणि ऐकायचं मी, असं पहिल्याच दिवशी ठरलं.

मावशी विणकराच्या घरची. तिच्या घरात माग होता, ती कांड्या भरायची आणि नवरा लुगडी विणायचा. पुढे माग बंद पडला, नंतर नवराही गेला. तेव्हापासून ती भट्टीवर बसली. रोटी हातावर लांबवली की ती उजेडाकडे धरायची आणि तिच्यातून पलीकडे बघायची. कुठे जाड राहिली असेल तर म्हणायची, "इथं सूत जाड झालं." मला आधी समजायचं नाही. नंतर मलाही रोटीत सूत दिसायला लागलं.

तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत डाग होते. मडक्याच्या कडेला हात लागला, ठिणगी उडाली, वाफ आली, की डाग. नवे डाग लाल असत, जुने पांढरट. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती मला डाग सांगायची. "हा पाटलाच्या पोरीच्या लग्नातला. वऱ्हाड आलंच नाही वेळेवर. मले लागली डुलकी, हात पडला मडक्यावर." "आन् हा?" मी विचारायचे. "हा बारशाचा. ते पोरगं आता मिशा ठेवून फिरून राहिलं." एक डाग तिच्या धाकट्या नणदेच्या लग्नातला होता. तो दाखवताना ती दर वेळी हसायची, कारण त्या लग्नात नवरदेवच रोटी खायला भट्टीवर येऊन बसला होता. सासरचे लोक त्याला मांडवात शोधत होते.

आमच्या मोहल्ल्यात एक पद्धत आहे. घरात लग्न निघालं की नवरीची आई हळदकुंकू घेऊन मावशीकडे यायची आणि मडक्याच्या गळ्याशी कुंकवाची पाच बोटं ओढायची. आधी देवाला आवतण, मग मडक्याला. एकदा कुंकू लागलं की त्या लग्नाची रोटी मावशीची. मडकं काळं आणि त्याच्या गळ्यापाशी लाल रेघा. मावशी त्या पुसायची नाही. आचेनेच त्या हळूहळू काळ्या पडायच्या, तोवर दुसरं लग्न यायचं.

प्रमोद कोपऱ्यावरच्या तीनमजली घरातला. मोहल्ल्याचा मोबाईलवरचा ग्रुप त्यानेच उघडला होता. नळ कधी येणार, कचऱ्याची गाडी का आली नाही, कोणाची किल्ली सापडली, सगळं तोच लिहायचा. वाईट माणूस नव्हता. कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं की गाडी काढायचा. त्याची आई आणि मावशी एकाच वर्षी या मोहल्ल्यात नांदायला आलेल्या. तो लहान असताना भट्टीपाशी बसून कोरडी रोटी खायचा.

एक दिवस तो पाहुण्यांसाठी रोट्या घ्यायला आला होता. मावशीने नेहमीसारखा मडक्यावर हात ठेवला. तेवढ्यात एक निखारा फुटला आणि तिच्या हातावर उडाला. तिने बोलता बोलताच तो झटकला, बोलणं थांबवलं नाही. प्रमोद बघत राहिला. त्याने विचारलं, "मावशी, लागत नाही का तुला?"

"आता नाही लागत रे. मेलं ते कातडं."

ती हसली. तो हसला नाही. त्या दिवसांत दवाखान्याचे लोक घरोघर फिरून गेले होते. कुठे पांढरट चट्टा आहे का, त्याला हात लावलेला कळतो का, असं विचारत. त्यांचा कागद चौकात भिंतीवर लागलेला होता. मी तेव्हा काही जोडलं नाही. प्रमोदने जोडलं.

रविवार हा आमचा मोठा दिवस. घरोघरी मटण असतं, सकाळपासून डबे, पिशव्या घेऊन लोक उभे असतात. त्याच आठवड्यातल्या रविवारी कणिक भिजवून, भट्टी पेटवून आम्ही बसलो आणि कोणीच आलं नाही. आधी मावशी म्हणाली, "कोणाची तरी मयत झाली असन." मग म्हणाली, "एकादशी आहे का वं आज?" समोरून लोक जात होते. जाताना दुसरीकडे बघत होते.

कणिक आंबायला लागली तेव्हा तिने सगळ्या रोट्या करून टाकल्या. आम्ही दोघींनी ठेच्याबरोबर दोन दोन खाल्ल्या, बाकीच्या गायीपुढे ठेवल्या.

दुपारी घरी आल्यावर मी नवऱ्याचा जुना मोबाईल उघडला. आमच्या घरचा नंबर त्या ग्रुपमध्ये होता. मी चौथी शिकलेली, हळू वाचते. पण आम्हा दोघींत वाचणारी मीच. मोबाईल घेऊन मी तिच्याकडे गेले.

"वाच," ती म्हणाली.

प्रमोदने लिहिलेलं मी वाचलं. "सावधान. आपल्या मोहल्ल्यातील लांब रोटीवाल्या बाईंना कुष्ठरोग आहे. त्यांच्यावर सरकारी दवाखान्यात उपचार सुरू आहेत. त्यांच्याकडील रोटी खाऊ नये. जनहितार्थ."

खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती. कोणी लिहिलं होतं, बरं झालं सांगितलं.

मावशीने मोबाईलवर वाकून त्या अक्षरांकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "ते शेवटचं काय म्हणते?"

"जनहितार्थ. म्हणजे लोकांच्या भल्यासाठी."

"मी लोकांत नाही का?"

तिने आपले हात उलटेसुलटे करून बघितले. "डाग तं दिसले त्याले. दवाखाना कुठून दिसला? मी कधी गेली दवाखान्यात?"

ती दवाखान्यात गेली ती त्यानंतर. मीच सोबत गेले. बाकावर आमच्या शेजारी कामठीची एक बाई बसली होती. तिने आपणहून सांगितलं की तिला हाच रोग आहे, गोळ्या चालू आहेत, डॉक्टरीण म्हणते पूर्ण बरी होशील. मावशीने तिची बोटं हातात घेऊन पाहिली, पोरंबाळं विचारली, आणि पिशवीतली रोटी काढून तिला अर्धी दिली. दोघी जणी खात बसल्या.

डॉक्टरीणबाईने मावशीला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचं टोक हातावर टेकवत गेली. "लागलं की बोट ठेवा." पांढऱ्या डागांवर कापूस टेकला की मावशी बरोबर तिथे बोट ठेवायची. एकाही डागाला ती चुकली नाही. मग कापूस तळहातावर टेकला. मावशी स्वस्थ बसली. पुन्हा टेकला. तिने बोट हलवलं नाही. डॉक्टरीणबाईने तळहात दाबून, वाकवून पाहिला, सुईचं टोक लावून पाहिलं. तेव्हा मावशीने हात झटकन ओढून घेतला. डॉक्टरीण हसली. "तळव्याची कातडी भट्टीने जाड झाली आहे, आजी. नसा चांगल्या आहेत. हे सगळे भाजल्याचे डाग आहेत. तुम्हाला काही झालेलं नाही."

तसं तिने कागदावरही लिहून दिलं. मला वाटलं, झालं. हा कागद भट्टीपाशी लावून देऊ. मावशीला ते पटलं नाही.

"रोटीच्या बाजूले दवाखान्याचा कागद? तुले भूक लागन का तिथं?"

मी कागदाची घडी घालून तो पिशवीत ठेवला. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्या कामठीवालीले रोग आहे. ती आपल्या तोंडानं सांगून राहिली होती. गोळ्या खाऊन बरी होईन. तिच्यात काही वाईट नाही. पण जे मले नाही ते माझ्या नावावर काहून?"

त्या दिवसांत मागच्या गल्लीत एक लग्न होतं. नवरीची आई पंधरवड्यापूर्वीच मडक्याला कुंकू लावून गेली होती. ती एका संध्याकाळी आली, पदर सावरत. म्हणाली, "मावशी, पोरानं केटरर ठरवला. तंदूर लावणार आहे तो. माझं काही चाललं नाही."

"मग कुंकू?" मावशीने विचारलं.

ती बाई मडक्याकडे बघत राहिली. लावलेलं कुंकू परत कसं घेतात हे तिलाही माहीत नव्हतं, आम्हालाही. तशीच गेली. लग्नाच्या दिवशी बँड आमच्यासमोरून गेला. मावशी भट्टी न पेटवता मडक्यापाशी बसून होती. लाल रेघा तशाच होत्या, कारण त्या काळ्या पडायला पुष्कळ आच लागते.

तेव्हापासून तिच्या मनात एकच गोष्ट राहिली. पुन्हा एकदा कोणी तरी यावं आणि मडक्याला कुंकू लावावं. गिऱ्हाइकाचं तिला तेवढं नव्हतं. दुरून येणारे, ज्यांना काही माहीत नव्हतं, ते रोट्या नेत होते, त्यावर दोन वेळचं भागत होतं. पण ते परके. मोहल्ल्याचं कुंकू पाहिजे होतं.

दुरून येणाऱ्यांतच हुडकेश्वरच्या एक वकीलबाई होत्या. दर रविवारी स्कूटीवर यायच्या. गर्दी का नाही असं त्यांनी विचारलं आणि मावशीने मला मोबाईल दाखवायला सांगितलं. त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा कडक झाला. "ही अब्रुनुकसानी आहे, मावशी. खोटं लिहून कोणाचं नाव खराब केलं तर तो गुन्हा असतो. नोटीस पाठवू या. पैसे नको मला."

"काय म्हणतात त्याले?"

"अब्रुनुकसानी."

मावशीने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. "तोंडानं कोणी बोललं तं?"

"तरी तेच. आपल्या कायद्यात बोललेलं आणि लिहिलेलं एकच धरतात."

मावशीने मान हलवली, रोट्या बांधून दिल्या. वकीलबाई गेल्यावर म्हणाली, "चांगली बाई आहे. कायद्याचं ते तिले माहीत. पण एक कसं होईन वं? माझी सासू मले तोंडानं काय काय बोले. चोर म्हणे, वांझ म्हणे. संध्याकाळी एका ताटात जेवत होतो आम्ही. बोललेलं माणसासंगं राहते, माणूस निवला की निवते. हे लिहिलेलं कोणाच्या घरी जेवाले येते?"

त्यानंतर तिने तो शब्द वापरायला सुरुवात केली. नळावर कोणी विचारलं की म्हणायची, "माझी अब्रुनुकसानी झाली." बाया एकमेकींकडे बघायच्या. अब्रू म्हटलं की आपल्याकडे बायांच्या डोक्यात एकच येतं. एकीने तर तोंडाला पदर लावून विचारलं, "या वयात वं, मावशी?" सगळ्या हसल्या. मावशीसुद्धा हसली. मग घडा भरता भरता म्हणाली, "माझी अब्रू तिथं नाही बाई. माझी अब्रू लोकायच्या ताटात आहे. माझ्या हातची रोटी लोक खातात, तेच माझं नाव." हसू थांबलं. घडा उचलून ती चालायला लागली.

नोटीस मात्र तिने पाठवू दिली नाही. वकीलबाई तीन रविवार विचारत होत्या. "त्याची माय माझ्यासंगं नांदाले आली," एवढंच ती सांगायची.

मग प्रमोदची आईच आजारी पडली. ताप, अन्न जाईना. एक दिवस दुपारी प्रमोद भट्टीपाशी येऊन उभा राहिला. किती तरी दिवसांनी. मावशीकडे न बघता म्हणाला, "आई लांब रोटी मागून राहिली. दुधात कुस्करून. तुझ्याच हातची पाहिजे म्हणते."

मला वाटलं, आता ही बोलेल. माझ्याही तोंडावर आलं होतं. मावशी म्हणाली, "लाकूड सार वं."

तिने मडक्यावर हात ठेवला, थांबली, मग कणिक मागितली. इतकी पातळ रोटी मी तिच्या हातून कधी पाहिली नव्हती. उजेडाकडे धरली तर पलीकडचा प्रमोद तिच्यातून दिसत होता. घडी घालून, केळीच्या पानात बांधून तिने त्याच्या हातात दिली.

तेव्हा तो रडला. भट्टीसमोर उकिडवा बसून म्हणाला, "चुकलं माझं मावशी. त्या भिंतीवरच्या कागदावरून मले वाटलं. दवाखान्याचं तं मी असंच लिहिलं. लोकायले खरं वाटावं म्हणून."

"मले नको सांगू. मले माहीत आहे मले काय आहे. जिथं लिहिलं तिथं लिही."

"आता विषय काढला तं पुन्हा पसरन. ज्यायले माहीत नाही त्यायलेही समजन. लोक विसरले आता."

तो जे म्हणत होता ते अगदीच खोटं नव्हतं. मावशीनेही विचार केला. मग म्हणाली, "रोगाचं नावच नको काढू. एवढंच लिही, मावशीच्या हातची रोटी खाल्ली, चांगली होती. बस."

"लिहितो."

"माय खाईन ती. तू पण खाजो एक तुकडा, मग लिही. खोटं नको लिहू."

"हो मावशी. आजच लिहितो."

मी म्हटलं, पाहिजे तर मी लिहिते ग्रुपवर. माझं हे बोलणंही तिला नवीन होतं. ती म्हणाली, "तू नको. तू माझी माणूस. तुझं कोण मानन? ज्यानं गाठ मारली त्यानंच सोडावी."

त्या दिवसापासून ती मला रोज विचारायची, "आलं का वं?" मी मोबाईल उघडायचे. नळ उशिरा येईल. अमक्याच्या नातवाला वाढदिवसाच्या शुभेच्छा. गाडी रस्त्यावर लावू नये. मी सगळं वाचून दाखवायचे, कारण नुसतं 'नाही' म्हणवत नव्हतं. ती नळाचं, वाढदिवसाचं सगळं नीट ऐकायची. शेवटी म्हणायची, "लिहीन तो. कामात असन."

प्रमोदची आई बरी झाली. प्रमोद रस्त्यात भेटला की मावशीला हात जोडायचा. एकदा त्याने तिच्यासाठी लाकडं पाठवली. मावशी लाकडांकडे बघून मला म्हणाली, "पाहून घे बरं, आलं असन." नव्हतं आलं. मला वाटतं त्याला लाज वाटत असावी. माणसाला रडता येतं, पायाही पडता येतं, पण चार लोकांत आपण खोटं लिहिलं हे दाखवता येत नाही.

उन्हाळा लागला. भट्टीवरचा उन्हाळा कसा असतो हे तुम्हाला सांगून समजणार नाही. मावशी थकली होती. एका सकाळी मी गेले तर ती अंथरुणातच होती. मी डोक्याला पाणी लावलं, लिंबाचं सरबत दिलं. रिक्षा आणते म्हटलं तर म्हणाली, "दुपार उतरू दे." मग म्हणाली, "आलं का वं?"

"पाहतो," मी म्हटलं. मोबाईल घरी राहिला होता. तो घेऊन, नवऱ्याला फोन करून मी परत आले, तोवर ती गेली होती. मडक्यावर ठेवायची तसा उजवा हात जमिनीवर पालथा होता.

तिला आंघोळ घालायला मोहल्ल्यातल्या बाया आल्या. नाही असं नाही, सगळ्या आल्या. कोणी पाणी तापवलं, कोणी नवं लुगडं आणलं. डोक्यावरून पाणी घातलं, पाय धुतले. हातांशी आल्यावर ज्या बाईच्या हातात तांब्या होता ती थोडी मागे सरली आणि उंचावरून पाणी सोडलं. दुसरी हळद लावत होती, तिने खांद्याला लावली, पायाला लावली, आणि हातांपाशी थांबली. बोलायचं काही राहिलं नव्हतं, ते लिहिलेलं होतं.

मी पुढे झाले. मावशीचे दोन्ही हात मांडीवर घेतले आणि धुतले. मनगटापासून कोपरापर्यंत एकेक डाग हळदीने चोळला. पाटलाच्या पोरीचं लग्न. बारसं. नणदेचा नवरदेव. तळहात शेवटी धुतला, तो धुऊनसुद्धा खरखरीतच राहिला.

संध्याकाळी सगळे स्मशानातून आले. मी घरी येऊन मोबाईल उघडला. प्रमोदने मावशीचा कुठून तरी काढलेला फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, "आपल्या मोहल्ल्याची अन्नपूर्णा हरपली. लहानपणापासून त्यांच्या हातची रोटी खाल्ली. ती चव कधीच विसरता येणार नाही. भावपूर्ण श्रद्धांजली." खाली हात जोडलेली चित्रं. तीच माणसं, तेच हात.

मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचलं, जसं तिला वाचून दाखवायचे तसं. तिने सांगितलेलं वाक्य त्यात होतं. रोटी खाल्ली, चांगली होती. आलं, मावशी.

मग मी बोटाने मागे सरकवत गेले. नळ, वाढदिवस, गाड्या, सण, सगळं खाली गेलं आणि ते जुनं लिहिणं आलं. ते जसंच्या तसं होतं. एकही अक्षर पुसट झालं नव्हतं.

त्या ग्रुपमध्ये मी कधी काही लिहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी लिहिलं. एकेक अक्षर शोधत. "मावशीचे हात मी आज धुतले. ते डाग भट्टीचे होते."

कोणी उत्तर दिलं नाही. चित्रसुद्धा नाही. मी मोबाईल पालथा ठेवला आणि स्वयंपाकाला लागले.

सकाळी भट्टीपाशी झाडायला गेले तर प्रमोदची आई येताना दिसली. दुखण्यातून उठलेली, भिंतीला धरून धरून चालत होती. हातात कुंकवाचा करंडा होता. मी हात द्यायला गेले, तिने नको म्हटलं. मडक्यापाशी येऊन हळूच खाली बसली.

"पोरानं रात्री वाचून दाखवलं, तुवा काय लिहिलं ते," ती म्हणाली. "त्यानं पहिलं काय लिहिलं होतं तेही काल सांगितलं. इतके दिवस मले कोणी सांगितलंच नाही वं. मी म्हणो, हिच्याकडे कोणी येत काहून नाही."

मी झाडू बाजूला टेकवला.

"मले लिहिता येत नाही. हे येते."

तिने करंडा उघडला आणि मडक्याच्या गळ्याशी बोटं ओढली. मडकं थंड होतं. कोरडं कुंकू काजळीवर बसेना, खाली सांडत होतं. तिने बोटं तोंडाशी नेऊन ओली केली आणि पुन्हा ओढली.